जिल्हा परिषदेची शाळा नव्याने बांधायची तर: नोंद, निर्लेखन, निधी आणि स्लॅबचा दिवस

गावातल्या शाळेची एक खोली तीन पावसाळ्यांपासून गळतेय, दोन वर्ग व्हरांड्यात भरतात, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जिल्हा परिषदेच्या दप्तरी मात्र तीच खोली 'चांगली' म्हणून नोंदलेली सापडते. निधीची यादी तयार होते ती दप्तरावरून. मग ग्रामसभेत ठराव होतात, निवेदनं जातात, सरपंच जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालतात आणि यादीत दरवर्षी दुसऱ्याच गावाचं नाव येतं. शाळा व्यवस्थापन समितीतले पालक, मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायत सदस्य यांना ही वाट पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट दिसावी, म्हणून हा लेख.

जागा कुणाच्या नावावर आहे?

महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून कामाला लागल्या. त्यांच्याकडे आलेल्या कित्येक शाळा त्याआधीच्या लोकल बोर्डाच्या काळातल्या आहेत. तेव्हा गावातल्या एखाद्या शेतकऱ्याने शब्दावर जागा दिली, शाळा उभी राहिली आणि सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचंच राहिलं. जुनी इमारत उभी होती तोवर कुणाला फरक पडला नाही. नवं बांधकाम निघालं की पहिला प्रश्न हाच येतो, आणि तोवर जमीन नातवंडांच्या वाटणीत गेलेली असते.

म्हणून निधीच्या मागे लागण्याआधी सातबारा काढा. जागा गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा, म्हणजे घरं-इमारतींच्या कर आकारणी नोंदवहीचा, उतारा काढा. नाव शाळेचं किंवा जिल्हा परिषदेचं नसेल तर देणाऱ्याच्या वारसांशी बोलून नोंदणीकृत बक्षीसपत्र करून घ्या. जागा गायरानात असेल तर महसूल विभागाकडून ती शाळेसाठी मिळवावी लागते आणि त्याला वेळ लागतो. वनजमिनीच्या बाबतीत बऱ्याच गावांना माहीत नसलेली एक सोय आहे. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) नुसार शाळेसारख्या सार्वजनिक सोयीसाठी १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. अट अशी की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत. आदिवासी पाड्यांवरच्या शाळांना ही तरतूद फार उपयोगाची आहे.

यू-डायसमध्ये तुमची शाळा कशी दिसते?

यू-डायस म्हणजे देशभरातल्या शाळांच्या माहितीची सरकारी नोंदप्रणाली. प्रत्येक शाळेला यू-डायस क्रमांक असतो आणि शाळेची माहिती दरवर्षी त्या प्रणालीत भरली जाते. माहितीसाठी ३० सप्टेंबर ही संदर्भ तारीख धरण्याची जुनी पद्धत आहे. खोल्या किती, त्यातल्या चांगल्या किती, किरकोळ दुरुस्तीच्या किती, मोठ्या दुरुस्तीच्या किती, मोडकळीला आलेल्या किती, हे सगळं त्यात येतं. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या योजनेचे आराखडे या आकड्यांवर उभे राहतात. अनेक शाळांमध्ये गेल्या वर्षीची माहिती तशीच पुढे ओढली जाते, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी चांगली असलेली खोली कागदावर आजही चांगलीच असते. समितीच्या बैठकीत मुख्याध्यापकांकडून शाळेचं रिपोर्ट कार्ड मागून घ्या, ते हातात धरून प्रत्येक खोलीत जा आणि नोंद जुळते का बघा. यात तासभर जातो. पुढची दोन वर्षं त्यावर ठरतात.

खोल्यांची तूट कशी काढतात, हेही समजून घेतलं पाहिजे, कारण बहुतेक प्रस्ताव इथेच परत येतात. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याची अट आहे की प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली हवी आणि शिवाय कार्यालय, भांडार व मुख्याध्यापक यांच्यासाठी मिळून एक खोली हवी. शिक्षक किती, ते पटावरून ठरतं. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० मुलांना ३, ९१ ते १२० मुलांना ४.

समजा शाळा पहिली ते पाचवी आहे, पट ७८ आहे आणि जुन्या खोल्या पाच आहेत. त्यातल्या तीन मोडकळीला आल्या, दोन धड आहेत. गाव म्हणतं, पाच होत्या तर पाच द्या. नियमाने मात्र ३ वर्गखोल्या आणि १ कार्यालय, म्हणजे ४ खोल्या लागतात. धड आहेत २, म्हणून तूट २ ची. तीन नव्या खोल्यांचा प्रस्ताव पाठवला तर तो शेऱ्यासह परत येतो आणि त्यात एक अंदाजपत्रकीय वर्ष जातं. पट आणि शिक्षकांची संख्या लिहून तूट मांडलेला प्रस्ताव पुढे सरकतो. पाच इयत्तांना पाच खोल्या असाव्यात ही पालकांची इच्छा रास्तच आहे. पण नियमापेक्षा जादा खोली हवी असेल तर तिच्यासाठी वेगळा स्रोत, म्हणजे आमदार निधी, कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी (सीएसआर) किंवा लोकवर्गणी, पहिल्या दिवसापासून धरून चाला.

याच कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असं कायदा म्हणतो. कायद्याच्या भाषेत हा आराखडा शासनाच्या अनुदानाचा आधार आहे. प्रत्यक्षात तो अनेकदा तपासणीच्या आदल्या दिवशी भरला जातो. त्यात खोल्यांची तूट, स्वच्छतागृहं, पाणी, उतार, कुंपण हे आकड्यांसह आलं असेल, तर पुढच्या प्रत्येक अर्जाला तोच जोडता येतो.

निर्लेखन: सगळ्यात जास्त शाळा इथे अडकतात

जिल्हा परिषदेची इमारत ही जिल्हा परिषदेची मालमत्ता आहे. ती कितीही पडकी असली तरी रजिस्टरमधून तिचं नाव कमी केल्याशिवाय पाडता येत नाही. नाव कमी करण्याच्या या प्रक्रियेला निर्लेखन म्हणतात. जागा तीच असेल तर निर्लेखन झाल्याशिवाय नवं काम सुरू होत नाही. खोली नोंदीत उभी असेल तर तूटही दिसत नाही. म्हणजे निर्लेखन राहिलं की दोन्ही बाजूंनी कोंडी.

सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीच्या आणि ग्रामपंचायतीच्या ठरावाने होते. मुख्याध्यापक त्याला बांधकामाचं वर्ष, खोल्यांची मापं, छताचा प्रकार, आतून-बाहेरून काढलेले फोटो आणि यू-डायस क्रमांक जोडून प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे देतात. पंचायत समितीच्या पातळीवरचा शाखा अभियंता इमारत पाहून अहवाल देतो, गरज असेल तिथे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, होते. त्याच वेळी निघणाऱ्या सामानाचं मूल्यांकन होतं: कौलं, पत्रे, सागवानी वासे, लोखंडी अँगल, दारं-खिडक्या, घडीव दगड. बांधकाम विभागाचा दाखला लागला की शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत प्रस्ताव जिल्हा परिषदेच्या मंजुरीला जातो. मंजुरीनंतर सामानाचा जाहीर लिलाव होतो आणि रक्कम जिल्हा परिषदेच्या खात्यात भरली जाते.

यात चुका ठरलेल्या असतात. पहिली म्हणजे गावाने चांगल्या हेतूने श्रमदान करून खोली आधीच पाडून टाकणं. मग मूल्यांकन कशाचं करायचं? वासे आणि पत्रे गेले कुठे, याचा लेखा आक्षेप मुख्याध्यापकांच्या माथी येतो. दुसरी चूक दुरुस्तीची. दोन वर्षांपूर्वी ज्या खोलीवर विशेष दुरुस्तीचा निधी खर्च झाला, ती खोली आज मोडकळीला आली असं सांगायला अभियंता सहसा तयार होत नाही, कारण मग तो खर्च कसा झाला हा प्रश्न उठतो. त्यामुळे छत खरोखर संपलेलं असेल तर 'सध्या डागडुजी करून घेऊ' हा मोह टाळा. तिसरी चूक सगळ्यात महागात पडते: निर्लेखन झालं, इमारत पाडली आणि नवी खोली मंजूरच झाली नाही. मुलं तीन-तीन वर्षं समाजमंदिरात बसतात आणि पट गळत जातो. पट घटला की तूटही घटते. यासाठी निर्लेखनाचा प्रस्ताव आणि नव्या खोल्यांची मागणी एकाच वेळी, एकमेकांचा संदर्भ देऊन पाठवा.

कागद फिरत असतानाही धोकादायक खोलीत मुलं बसता कामा नयेत. ऑगस्ट २०१७ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निंबोडीत जिल्हा परिषद शाळेचं छत पावसात कोसळून तीन विद्यार्थी गेले. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीत शाळेचं छत पडून सात मुलं गेली. दोन्ही घटना पावसाळ्यातल्या आहेत. खोलीला कुलूप लावणं, दारावर 'धोकादायक, वापर बंद' असं रंगवणं आणि तसं लेखी कळवून पोच घेणं यासाठी कुणाच्याही मंजुरीची वाट पाहू नका. पडवी आणि बाहेरची भिंतही विसरू नका, मधल्या सुट्टीत मुलं तिथेच टेकतात.

जुनं म्हणजे पाडायचं, असंही नाही. काळ्या दगडाच्या जाड भिंतींच्या कौलारू शाळांमध्ये बहुधा वासे कुजलेले असतात, भिंती भक्कम असतात. तिथे छत बदलणं नव्या बांधकामापेक्षा स्वस्तही पडतं आणि खोली उन्हाळ्यात थंडही राहते. त्यांच्यापेक्षा पंचवीस-तीस वर्षांच्या स्लॅबच्या खोल्या अनेकदा वाईट अवस्थेत असतात. छतातून पाणी झिरपलं की आतली सळई गंजते, गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट ढलपे होऊन पडतं. स्लॅबच्या खालच्या बाजूला सळईच्या रेषेत तांबूस डाग किंवा सरळ भेगा दिसल्या, ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर गिलावा मारून ते झाकू देऊ नका. गिलाव्याने गंज थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो.

पैसा कोणत्या वाटांनी येतो?

जिल्हा परिषद शाळांसाठी सगळ्यात भरवशाची वाट म्हणजे जिल्हा वार्षिक योजना. ती जिल्हा नियोजन समिती मंजूर करते. पालकमंत्री समितीचे अध्यक्ष असतात आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव. या योजनेत शाळांसाठी दोन वेगवेगळी शीर्षं, म्हणजे खर्चाची खाती, असतात: नवीन वर्गखोल्यांचं बांधकाम आणि शाळांची विशेष दुरुस्ती. दुरुस्तीच्या शीर्षातून नवी खोली बांधता येत नाही, म्हणून अर्जावर नेमकं काय मागताय ते लिहा. आदिवासी भागासाठीचा निधी वेगळा ठेवलेला असतो. गाव त्यात बसत असेल तर मागणी तिकडेही करा.

मंजुरी आणि प्रत्यक्ष पैसा यांत अंतर का पडतं, याचं उत्तर 'दायित्व' या शब्दात आहे. यंदा आलेल्या निधीतून आधी गेल्या वर्षीच्या अपुऱ्या कामांची देणी भागवली जातात, आणि उरलेल्या रकमेवर नवी कामं धरली जातात. रकमेच्या दीडपटीपर्यंत कामं मंजूर करण्याची पद्धतही आहे, कारण सगळी कामं एकाच वर्षात पुरी होत नाहीत. त्यामुळे यादीत नाव आलं म्हणजे सगळे पैसे तयार आहेत, असं समजू नका. जिल्हा परिषदेला हा निधी खर्च करायला मिळालेलं वर्ष आणि त्यापुढचं वर्ष, अशी दोन वर्षं मिळतात. त्यानंतर उरलेली रक्कम शासनाकडे परत जाते. जागेचा वाद किंवा निर्लेखन राहिल्यामुळे मंजूर खोलीचे पैसे असे परत गेले, की त्या गावाला पुन्हा क्रमांक लागायला बरीच वर्षं थांबावं लागतं.

दुसरी वाट समग्र शिक्षा. ही योजना २०१८ मध्ये सुरू झाली आणि महाराष्ट्रासाठी खर्चाची वाटणी केंद्र ६०, राज्य ४० अशी आहे. शाळेपासून जिल्ह्यापर्यंत आणि तिथून राज्यापर्यंत आराखडा जातो आणि केंद्राच्या मंडळात मंजूर होतो. त्यात आयत्या वेळी नाव घुसवता येत नाही. नोंद वेळेत बरोबर असली तरच यादीत येता. याच योजनेतून शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान मिळतं: ३१ ते १०० पटाला २५ हजार, १०१ ते २५० पटाला ५० हजार. त्यात बांधकाम होत नाही. वर्षभराची किरकोळ दुरुस्ती, रंग, वीजबिल त्यातून भागतं, आणि किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. पीएम श्री ही निवडक शाळांसाठीची केंद्राची वेगळी योजना आहे. देशभरात १४,५०० शाळा निवडण्याचं तिचं उद्दिष्ट आहे, आणि तुमची शाळा तिच्यात निवडलेली नसेल तर तिच्या निधीवर नजर ठेवून उपयोग नाही.

जिल्हा परिषदेचा स्वतःचा निधी, ज्याला सगळे सेस म्हणतात, तो जमीन महसुलावरचे उपकर, मुद्रांक शुल्कातला वाटा अशा उत्पन्नातून येतो. तो जिल्हागणिक कमी-जास्त असतो. नव्या इमारतीला तो क्वचित पुरतो, पण तातडीच्या दुरुस्तीला तोच सगळ्यात लवकर हलतो.

आमदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी आहे, खासदारांचाही ५ कोटी. खोली किंवा सभागृह अशा एका ठोस कामासाठी हा निधी चांगला. शिफारस लोकप्रतिनिधी करतात, पण मंजुरी जिल्हा प्रशासनाची असते आणि जागेचे कागद तिथेही लागतात. एकाच खोलीसाठी दोन योजनांत मागणी करायला हरकत नाही, दोन्हीकडून मंजुरी घ्यायला आहे. एक काम दोन ठिकाणी निघालं तर दोन्ही थांबतात. एकीकडे मंजुरी मिळाली की दुसरीकडे लेखी कळवा आणि तिथला अर्ज स्वच्छतागृह किंवा कुंपणाकडे वळवून घ्या.

ग्रामपंचायतीच्या हातात वित्त आयोगाचा निधी असतो. १५ व्या वित्त आयोगात, म्हणजे २०२०-२१ ते २०२५-२६ या काळात, राज्यातला ग्रामीण वाटा ग्रामपंचायत ८०, पंचायत समिती १० आणि जिल्हा परिषद १० टक्के असा विभागला गेला. २०२१-२२ पासून त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधलेला होता, ४० टक्के अबंधित. शाळेचं पिण्याचं पाणी, हात धुण्याची जागा आणि मुलींचं स्वच्छतागृह बंधित भागात सहज बसतात. ही कामं गावच्या विकास आराखड्यात घातली, तर जिल्ह्याकडे फक्त खोल्यांची मागणी उरते आणि प्रस्ताव आटोपशीर होतो. आयोग बदलला की अटी बदलतात, तेव्हा चालू वर्षाच्या सूचना ग्रामसेवकांकडून वाचून घ्या. गावचा आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकार घेऊ लागतो. शाळेचा विषय त्या सभेत आला नाही तर पुढचं वर्ष गेलं.

कंपन्यांचा सीएसआर निधी कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मधून येतो. ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, आणि शिक्षण त्यात बसतं. कंपनी बांधून देणार असेल तरी जागा जिल्हा परिषदेची आहे, त्यामुळे आधी जिल्हा परिषदेची परवानगी, नकाशाला तांत्रिक मान्यता आणि करारनामा हवा. पायाची तपासणी जिल्हा परिषदेच्या अभियंत्याने केली नसेल, तर नंतर इमारत ताब्यात घ्यायला कुणी धजत नाही. लोकवर्गणीचेही तेच: पैसे समितीच्या बँक खात्यात, प्रत्येक रुपयाची पावती, आणि दर महिन्याचा हिशेब शाळेच्या फळ्यावर.

अंदाजपत्रकात काय सुटतं?

निधी ठरला की प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश असा क्रम असतो. प्रशासकीय मान्यता म्हणजे हे काम, एवढ्या रकमेत, या शीर्षातून करायला होकार. तांत्रिक मान्यता म्हणजे नकाशा, मापं आणि दर बरोबर असल्याचा अभियंत्याचा दाखला. आचारसंहिता लागण्याआधी कार्यारंभ आदेश निघून काम प्रत्यक्ष सुरू झालेलं नसेल तर ते निवडणूक संपेपर्यंत थांबतं. त्यामुळे निवडणुकीच्या वर्षात एकेक आठवडा मोलाचा असतो.

अंदाजपत्रक राज्याच्या दरसूचीवरून होतं. त्यावर १८ टक्के जीएसटी आणि १ टक्का बांधकाम कामगार उपकर चढतो, म्हणून मंजूर रकमेतला प्रत्येक रुपया विटा-सिमेंटला मिळत नाही. ते पंचायत समितीत समजावून घ्या आणि चार गोष्टी त्यात आहेत का विचारा.

पहिली, जमीन. नमुना नकाशावरून केलेलं अंदाजपत्रक मुरमाच्या जमिनीला चालतं. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीत तीच इमारत दोन पावसाळ्यांत तडकते, कारण ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. तिथे पाया कडक थरापर्यंत न्यावा लागतो, पायाभोवतीची काळी माती काढून मुरूम भरावा लागतो, जोत्याला काँक्रीटची तुळई हवी. हा खर्च आधी धरला नाही तर ठेकेदार तो करत नाही. दुसरी, उतार. चाकाच्या खुर्चीसाठी १ उंचीला १२ लांबी हे प्रमाण लागतं. जोतं ४५ सेंटिमीटर उंच असेल तर उतार ५.४ मीटर लांब हवा. पायऱ्यांच्या कडेला ओतलेला दीड मीटरचा घसरगुंडीसारखा उतार कुणाच्या कामाचा नाही. तिसरी, वीज: पंखे, दिवे, प्लगचे बिंदू आणि अर्थिंग. चौथी, गच्चीचा ढाळ, जलरोधक थर आणि पाणी उतरवणारे पाइप. छत सपाट राहिलं की दहा वर्षांनी हीच खोली पुन्हा निर्लेखनाच्या यादीत येते.

निविदेत कुणी अंदाजपत्रकापेक्षा फार खाली दर भरला तर खूष होऊ नका. त्याच्याकडून जादा सुरक्षा ठेव घेतली जाते, पण तूट शेवटी सिमेंट आणि सळईतून भरून काढली जाते. अशा कामावर समितीची नजर जास्त हवी.

कामावर काय पाहायचं?

पालकांना अभियांत्रिकी येत नाही म्हणून ते लांब राहतात. तशी गरज नाही. साइटवर कामाचं नाव, योजना, रक्कम, ठेकेदार आणि मुदत लिहिलेला फलक लावून घ्या, आणि मंजूर नकाशाची प्रत शाळेत ठेवा.

सळई मोजता येते. मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करून १६२ ने भागा, एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ०.८९ किलो, १० ची ०.६२, ८ ची ०.४० भरते. म्हणजे १२ मीटर लांबीची १२ मिलिमीटरची कांब साधारण १०.७ किलो भरली पाहिजे. वजन त्याहून बरंच कमी भरलं तर अभियंत्याला तिथेच दाखवा.

स्लॅबचा दिवस सगळ्यात महत्त्वाचा. ६ बाय ८ मीटरची खोली आणि साडेबारा सेंटिमीटर जाडी धरली तर फक्त स्लॅबला ६ घनमीटर काँक्रीट लागतं, तुळया वेगळ्या. एवढ्या कामाला भारतीय मानकाप्रमाणे दोन नमुने, म्हणजे १५ सेंटिमीटरचे सहा ठोकळे भरावे लागतात. एम-२० दर्जाच्या काँक्रीटची २८ दिवसांची ताकद त्यावरून कळते. ठोकळे तुमच्यासमोर, त्याच घमेल्यातल्या मालातून भरले गेले का, हे पाहा. ओतण्याआधी सळईच्या जाळीखाली ती उचलून धरणारे किमान २० मिलिमीटरचे ठोकळे (कव्हर ब्लॉक) आहेत का, आणि जाळी चालताना दबून खाली बसली नाही ना, तेही बघा. मजुरांना माल पसरायला सोपा जावा म्हणून मिक्सरमध्ये वरून पाणी ओततात. ताकद कमी होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच. व्हायब्रेटर चालू आहे का आणि वीज गेली तर पेट्रोलवरचा तयार आहे का, हे सकाळीच विचारा.

दुसऱ्या दिवसापासून स्लॅबवर सिमेंटचे बांध घालून पाणी साठवायचं. मिश्र सिमेंट असेल तर किमान १० दिवस, कोरड्या उन्हात १४ दिवस. गावात पाण्याची टंचाई असेल तर मार्च-एप्रिलमध्ये स्लॅब टाकायच्या आधी टँकरची सोय लिहून घ्या, कारण मार्चअखेरीची घाई आणि पाण्याचा दुष्काळ नेमके एकत्र येतात. टेकू काढण्याचे दिवसही ठरलेले आहेत: ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबला ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४. तुळयांना ६ मीटरपर्यंत १४ दिवस, पुढे २१. दुसऱ्या साइटवर सेंटरिंग, म्हणजे टेकू आणि फळ्या, हवं म्हणून ठेकेदार लवकर काढायला येतो. टाकल्याची तारीख शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवा.

शंका आली तर तोंडी भांडणापेक्षा लेखी द्या. माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये कागदांच्या प्रती मिळतातच, शिवाय चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या वहीची, आणि ठोकळ्यांच्या तपासणी अहवालाची प्रत मागा. याच दोन कागदांवर बिल निघतं.

शहरातली शाळा असेल तर

महापालिका आणि नगरपरिषदांच्या शाळांची वाट वेगळी आहे. तिथे पैसा मुख्यतः पालिकेच्या स्वतःच्या अंदाजपत्रकातून येतो, त्यामुळे प्रभागाच्या नगरसेवकाने आणि शिक्षण विभागाने मागणी अंदाजपत्रक तयार होण्याआधी दिली पाहिजे. विकास आराखड्यात शाळेसाठी आरक्षण असलेला भूखंड नकाशावर शोधा. नगररचना कायदा १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा लागू होऊन १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतरच्या मुदतीतही संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. शाळांच्या जागा अशा हातच्या गेलेल्या आहेत. इमारत बंद करून मुलं दुसऱ्या शाळेत पाठवायची असतील, तर परत आणण्याची तारीख ठरावात लिहून घ्या, नाहीतर लांबच्या शाळेत न जमणारी मुलं खासगीत जातात आणि नव्या इमारतीला पट उरत नाही.

ताबा घेताना

पावसाळ्याआधी ताबा घ्यायची वेळ आली तर गच्चीवर ४८ तास पाणी साठवून खालून ओल येते का बघा. नळ, फ्लश, प्रत्येक दिवा आणि पंखा चालवून पाहा. उणिवा राहिल्या असतील तर ताबा पावतीवरच त्यांची यादी लिहून सही करा. ठेकेदाराची अनामत दोष दायित्वाच्या मुदतीपर्यंत, म्हणजे कामातले दोष त्यानेच दुरुस्त करून द्यायच्या मुदतीपर्यंत, राखलेली असते. ती मुदत कधी संपते ते कार्यालयाच्या भिंतीवर लिहा आणि संपायच्या दोन महिने आधी इमारत पुन्हा तपासून गळती, तडे, सैल फरशा लेखी कळवा. नवी खोली ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये चढवा, पुढच्या यू-डायसमध्ये 'चांगली' म्हणून भरा आणि जुनीची नोंद काढा. दर मे महिन्यात गच्ची झाडून पाणी उतरवणारे पाइप मोकळे करायचे. एका मजुराचं एका दिवसाचं काम आहे, आणि त्याचा खर्च शाळा अनुदानात बसतो.